मुक्तांबेचे छत्र आणि स्त्रियांच्या श्रमाची नोंद

तंजावर शहरापासून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेकडे सुमारे पंचवीस किलोमीटर गेले की ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. महाराष्ट्रातील वाचकाला हे नाव फारसे परिचित नसले, तरी मराठी इतिहासाशी त्याचे नाते जुने आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी (दुसरे) यांनी १८०२ च्या सुमारास येथे एक मोठे अन्नछत्र उभारले आणि त्याला मुक्तांबा या स्त्रीचे नाव दिले. ते पुढे ‘मुक्तांबाळ छत्र’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मुक्तांबा ही सरफोजींची प्रिय सहचारिणी होती, परंतु ती विवाहित राणी नव्हती. आपल्या नावाने एक छत्र व्हावे अशी इच्छा तिने अखेरच्या आजारात व्यक्त केली होती, असे परंपरा सांगते. राजवंशाच्या वंशावळीत जिला स्थान मिळण्याची शक्यता नव्हती, तिचे नाव एका गावाच्या इतिहासात दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले आहे.

मात्र ज्या छत्राने हे नाव टिकवले, ते दररोज कोणाच्या कष्टावर चालत होते? धान्य कोण निवडत असे, भांडी कोण घाशीत असे, वाटेत अडलेल्या बाळंतिणीजवळ रात्रभर कोण बसत असे? या प्रश्नांची उत्तरे देणारी नावे इतिहासाच्या ग्रंथांत आढळत नाहीत. भारतातील स्त्रियांच्या कामाचा इतिहास बऱ्याच अंशी याच अनुभवाचा विस्तार आहे. स्त्रिया काम करीत होत्या की नाही, हा वादाचा विषय कधीच नव्हता. ते काम कोणत्या वहीत, कोणत्या शब्दाने आणि कोणाच्या नावावर लिहिले गेले, यावर त्याचे मोल ठरत आले.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दोन काळांतील दोन लेख आहेत. ते शेजारी ठेवून वाचले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. पहिला आहे चोळ सम्राट राजराज याच्या कारकिर्दीतील, इ.स. १०१४ च्या सुमाराचा तमिळ शिलालेख. चोळ देशातील निरनिराळ्या देवळांतून तंजावरला आणून वसवलेल्या चारशे देवालय-नर्तिकांची त्यात नावानिशी नोंद आहे. प्रत्येकीचे मूळ देऊळ, तिला दिलेले घर आणि तिचा वाटा त्यात सांगितला आहे. हा वाटा वर्षाला शंभर कलम भाताचा होता. कलम हे त्या काळचे धान्याचे माप. काम करणारी मरण पावली किंवा निघून गेली, तर तिच्या जागी नात्यातील योग्य व्यक्तीला नेमावे, अशीही तरतूद आहे. एक हजार वर्षांपूर्वी चारशे कष्टकरी स्त्रियांची नावे त्यांच्या वेतनासह दगडावर कोरली गेली, ही जगाच्या इतिहासातही विरळा अशी गोष्ट होय.

दुसरा लेख मराठी आहे. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र त्याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर कोरून घेतले. आकाराने तो फार मोठा असून तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन आहे. त्याचा विषय राजवंश हा आहे. साहजिकच त्यात राजे, त्यांची युद्धे आणि त्यांची राज्यप्राप्ती यांचे वर्णन येते. वंशचरित्रात स्वयंपाकिणीचे नाव असावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु पुढच्या पिढ्यांनी इतिहास म्हणून जे वाचले, ते मुख्यतः याच प्रकारचे लेखन होते.

अर्थात पहिल्या लेखाचा गौरव करतानाही तारतम्य बाळगावे लागते. नोंद झाली म्हणजे स्वातंत्र्य मिळाले असे नव्हे. देवालयाशी बांधलेल्या स्त्रियांची परंपरा पुढे कोणत्या शोषणात परिणत झाली, हे सर्वज्ञात आहे. याच प्रदेशातील पुदुक्कोट्टै येथे जन्मलेल्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रास विधिमंडळात त्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला, आणि १९४७ मध्ये मद्रास प्रांतात तिच्यावर कायद्याने बंदी आली. तेव्हा स्त्रीच्या श्रमाचा विचार करताना नोंद, मोबदला आणि मुक्तता अशा तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पुन्हा छत्राकडे वळू. १७९९ च्या तहाने तंजावरचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला, पण रामेश्वरच्या यात्रामार्गावरील छत्रे आपल्याकडेच राहावीत, असा सरफोजींचा आग्रह होता. १८०१ मध्ये त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कामाचे तपशीलवार वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला अन्न दिले जाई. जो शिजवलेले घेत नसे, त्याला शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, अशी हाक दिली जाई. आजारी वाटसरूंना वैद्य आणि औषधे मिळत. अनाथ मुलांना जेवण, कपडे आणि शिक्षण दिले जाई. तान्ह्या मुलांसाठी दूध ठेवलेले असे. गर्भवती स्त्री तेथे प्रसूत झाली, तर सर्व खर्च छत्र करी आणि तिला तीन महिने तेथे राहण्याची मुभा असे.

या पत्रानंतर लवकरच मुक्तांबेचे छत्र उभे राहिले. तंजावरच्या अनेक छत्रांना राजस्त्रियांची नावे होती. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र हे त्यांपैकी एक. दान स्त्रीच्या नावाने व्हावे ही परंपरा तेथे रुजलेली होती. सरफोजींच्या पत्रातील यादी मात्र आणखी एका दृष्टीने वाचता येते. अन्न शिजवणे, आजाऱ्याची शुश्रूषा, अनाथांचे संगोपन, तान्ह्याचे दूध आणि बाळंतपण ही सारी कामे घराघरांतून स्त्रिया करीत आल्या आहेत. बाळंतपण म्हटले की सुईण आली, आणि तीन महिन्यांची बाळंतीण म्हटली की तिला न्हाऊमाखू घालणारे हात आले. घरात ज्यांना काम म्हणून कोणी मोजत नव्हते, अशा गोष्टींसाठी राज्याने जमिनी नेमून दिल्या आणि खर्चाची व्यवस्था केली. सांभाळण्याचे काम हे राज्याच्या जमाखर्चात लिहिण्याजोगे काम आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती.

तो जमाखर्च मराठीत, मोडी लिपीत लिहिला जाई. तंजावरचे मोडी कागद मोठ्या संख्येने आजही जतन केलेले आहेत, आणि तमिळनाडूच्या सामाजिक इतिहासाचे एक दालन त्यामुळे मराठी वाचणाऱ्या अभ्यासकासाठी खुले आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून वारले आणि राज्य खालसा झाले. कंपनीने राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली, तेव्हा थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तो जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला त्यांच्याच नावाने शिकतात. राजवाडा गेला, मोडीची जागा इंग्रजी दप्तराने घेतली, आणि माणसे मोजण्याची एक नवी रीत देशात आली. ती म्हणजे जनगणना.

जनगणनेपुढे ओरत्तनाडूसारख्या भागाने एक अवघड प्रश्न उभा केला. कावेरीच्या खोऱ्यात भात हेच जीवन. रोपे उपटून चिखलात लावण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे. कोकणात किंवा मावळात ज्याला आवणी किंवा लावणी म्हणतात, तेच हे काम. कंबरेत वाकून, पाण्यात उभे राहून दिवसभर करायचे. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि कल्लणैपासून निघणाऱ्या नव्या कालव्याचे पाणी ओरत्तनाडु-पट्टुकोट्टैच्या पट्ट्यात पोहोचले. नव्या भातशेतीबरोबर लावणी, बेणणी आणि कापणी ही कामेही वाढली. पण वर्षातील काही महिने शेतात राबणारी, उरलेल्या काळात गुरे पाहणारी आणि बाराही महिने घर चालवणारी स्त्री ‘कामगार’ की ‘गृहिणी’? शिरगणती करणाऱ्याने कोणता प्रश्न विचारला, यावर तिचे उत्तर अवलंबून होते.

देशपातळीवरील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. १९११ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांपैकी सुमारे ३४ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. १९५१ मध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आले, १९६१ मध्ये २८ टक्क्यांपर्यंत चढले आणि १९७१ मध्ये एकदम १४ टक्क्यांच्या आसपास कोसळले. दहा वर्षांत देशातील निम्म्या कष्टकरी स्त्रिया घरी बसल्या होत्या काय? तसे मुळीच नव्हते. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाभराहून अधिक नियमित काम करणाऱ्या व्यक्तीलाही कामगार धरले होते. १९७१ मध्ये ‘तुमचे मुख्य काम कोणते?’ असा प्रश्न आला. घर आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या असंख्य स्त्रियांचे उत्तर, किंवा त्यांच्या वतीने घरातील पुरुषाने दिलेले उत्तर, ‘घरकाम’ असे नोंदले गेले. शेतातल्या चिखलात उभी असलेली बाई कागदावरून नाहीशी झाली.

परंतु सगळीच घट कागदावरची होती, असे समजणेही चुकीचे ठरेल. महाराष्ट्रातले उदाहरण पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे एक पंचमांश कामगार स्त्रिया होत्या, आणि त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. पुढे नवी यंत्रे आली, त्या खात्यांतील माणसे कमी झाली. रात्रपाळीवरील बंदी आणि १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती-लाभ कायदा हे स्त्रियांच्या हितासाठी होते. परंतु स्त्री कामगार म्हणजे जादा खर्च, असा हिशेब करून अनेक मालकांनी त्यांच्या जागी पुरुष घेतले. संरक्षण देणारा कायदा आणि रोजगार देणारा मालक यांच्यामध्ये स्त्रीची नोकरी चेपली गेली. घरी बसून विड्या वळणारी, पापड लाटणारी स्त्री गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती, आणि बहुतेक वेळा अन्य कोणत्याही पटावर नव्हती.

तंजावरच्या शेतांत हाच प्रश्न मजुरीच्या रूपाने पेटला. भातात मोजल्या जाणाऱ्या मजुरीच्या वाढीसाठी शेतमजूर संघटित झाले, आणि २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणि गावात चव्वेचाळीस दलित माणसांना झोपडीत जाळून मारण्यात आले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. या घटनेनंतर सर्वोदयी कार्यकर्त्या कृष्णम्माळ जगन्नाथन यांनी आपले जीवन या भागाला वाहिले. भूमिहीन कुटुंबांना हजारो एकर जमीन मिळवून देताना जमिनीचा कागद घरातील स्त्रीच्या नावे व्हावा, हा त्यांचा कटाक्ष होता. नोंदीचे महत्त्व त्यांनी नेमके ओळखले होते.

दिल्लीतही त्याच काळात जाग येत होती. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या समितीचा ‘समानतेकडे’ हा अहवाल १९७४ मध्ये सादर झाला. १९११ नंतर कामातील स्त्रियांचे प्रमाण घटत गेल्याचे त्याने आकड्यांनिशी दाखवले. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल १९८८ मध्ये आला आणि असंघटित क्षेत्रातील स्त्रीचे काम प्रथमच इतक्या विस्ताराने मांडले गेले. या मंथनाचा एक साधा परिणाम १९९१ च्या जनगणनेत दिसला. कामाविषयीच्या प्रश्नात ‘शेतावर किंवा घरच्या व्यवसायात मोबदल्याविना केलेले कामही धरून’ अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले. १९८१ मध्ये सुमारे १९.७ टक्के असलेले प्रमाण १९९१ मध्ये २२.३ वर आणि २००१ मध्ये २५.६ वर गेले. या वाढीत त्या थोड्या शब्दांचाही वाटा होता.

२०११ च्या जनगणनेत देशाचे प्रमाण २५.५ टक्के होते. तमिळनाडूत ते ३१.८ आणि महाराष्ट्रात ३१.१ टक्के होते, म्हणजे दोन्ही राज्ये जवळजवळ बरोबरीने उभी होती. त्यानंतरच्या श्रमबल सर्वेक्षणांची पद्धत वेगळी आहे. त्यांचे ठळक आकडे पंधरा वर्षे आणि त्यांवरील स्त्रियांचे असतात, त्यामुळे ते जनगणनेशी ताडून पाहता येत नाहीत. या सर्वेक्षणांनुसार काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते आणि २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्क्यांवर पोहोचले. ही वाढ स्वागतार्ह असली, तरी तिच्या पोटात शिरून पाहिले पाहिजे. काम करणाऱ्या म्हणून मोजलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत किंवा धंद्यात मदतनीस आहेत आणि त्यांच्या हाती स्वतंत्र कमाई पडत नाही. नोंद झाली, मोबदला अजून यायचा आहे.

घरातील कामाचे आकडेही आता उपलब्ध आहेत. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. हा अनुभव केवळ भारताचा नाही. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या जुन्या जनगणना तपासल्या, तेव्हा शेतात आणि घरच्या धंद्यात राबणाऱ्या अनेक स्त्रियांपुढे व्यवसाय म्हणून केवळ ‘पत्नी’ असे लिहिलेले त्यांना आढळले. समाज शेतीकडून कारखान्यांकडे वळताना स्त्रियांचा सहभाग आधी घटतो आणि शिक्षण व कचेरीतील कामे वाढली की पुन्हा चढतो, असे त्यांनी दाखवून दिले. परंतु हा चढ आपोआप येत नाही. त्यासाठी शाळा, प्रवासाची सुरक्षित सोय आणि मुलांना सांभाळणारी व्यवस्था लागते.

येथे छत्राची आठवण पुन्हा होते. तमिळनाडूत १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. भुकेल्या मुलाला शाळेत जेवण मिळावे, हा हेतू सरफोजींच्या अनाथ विद्यार्थ्यांच्या सोयीपेक्षा फार वेगळा नव्हता. मात्र या वेळी स्वयंपाकघरातील स्त्रियांची नावे सरकारी पटावर आली. २०२२ पासून तेथे सकाळच्या न्याहारीची योजनाही सुरू झाली असून तिच्यात महिला बचतगटांचा मोठा वाटा आहे. रोजगार हमीच्या कामांत तमिळनाडूने स्त्रियांना पुढे आणले. महाराष्ट्राने १९७० च्या दशकात घालून दिलेल्या धड्यावरून २००५ चा केंद्रीय कायदा झाला, आणि त्याखालील तमिळनाडूतील मनुष्यदिवसांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे होते. कारखान्यांच्या बाबतीतही हे राज्य आघाडीवर आहे. देशातील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे चाळीस टक्के स्त्रिया एकट्या तमिळनाडूत आहेत. लावणीच्या आणि कापणीच्या यंत्रांनी शेतातील दिवस कमी केले असताना ही दारे उघडली, हे महत्त्वाचे आहे.

असे असले तरी पटावर नाव आले म्हणजे सर्व झाले असे नाही, हे शाळेतील स्वयंपाकिणींच्या आणि अंगणवाडीतील स्त्रियांच्या स्थितीवरून कळते. त्यांना मिळणाऱ्या रकमेला महाराष्ट्रात ‘मानधन’ म्हणतात, ‘वेतन’ नव्हे. त्यांना ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’ म्हणतात, ‘कर्मचारी’ नव्हे. शब्द आदराचे आहेत. पण त्या आदराबरोबर निवृत्तिवेतन आणि नोकरीची शाश्वती येत नाही. राजराजाच्या लेखात प्रत्येकीचा वाटा मापाने ठरलेला होता. आजच्या नोंदीत तेवढा नेमकेपणा आणावा, ही या स्त्रियांच्या संघटनांची मागणी आहे.

ओरत्तनाडूत आज मुलींसाठी सरकारी महाविद्यालय आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. राज्यातील सरकारी शाळांत शिकलेल्या मुलीला पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी दरमहा एक हजार रुपये देण्याची योजना २०२२ मध्ये सुरू झाली. ज्या गावाची मराठी इतिहासातली ओळख एका स्त्रीच्या शेवटच्या इच्छेशी जोडलेली आहे, तेथील मुली आता आपले नाव स्वतः लिहीत आहेत.

साठ वर्षे चाललेल्या कोणत्याही मराठी शाळेच्या कपाटात जुने प्रवेशअर्ज असतात. त्यांत वडिलांच्या व्यवसायापुढे ‘शेती’, ‘नोकरी’ किंवा ‘गिरणी कामगार’ असे लिहिलेले असते. आईचे नाव कित्येकदा नसतेच, आणि असले तर व्यवसायापुढे ‘घरकाम’ किंवा नुसती रेघ असते. त्या रेघेमागे पहाटे उठून डबे करणारी, शेतावर जाणारी, शिलाईच्या यंत्रावर रात्री जागणारी, फी भरण्यासाठी पाटली गहाण ठेवणारी स्त्री होती, हे त्या मुलांना ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले आहे. नावाचा रकाना भरला आहे. त्याच्या शेजारचा व्यवसायाचा रकाना खरेपणाने भरण्याचे काम आता त्या मुलांनी करायचे आहे.